तूट कुणाची, शिल्लक कुणाची?
भारत आणि ब्राझील : आयात-निर्यातीचा वर्षानुवर्षांचा हिशेब

वार्षिक सभा आटोपल्यावर चहाच्या वेळी एका जुन्या सभासदांनी आम्हांस गाठले. हातात वर्तमानपत्राची घडी. म्हणाले, "ह्या ब्राझीलचा व्यापार दरसाल शिलकीत, आणि आपल्या देशाचा दरसाल तुटीत. तिकडं बी ऊस, इकडं बी ऊस. मग आपलं घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?"

प्रश्न उभ्याउभ्या उत्तर देऊन मिटवण्यासारखा नव्हता. शिवाय ब्राझील हा आपल्याला परका देश नाही. साओ पावलोकडे पाऊस कमी पडला तर आपल्या गोदामातल्या पोत्याचा भाव हलतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. म्हणून या अंकातील अभ्यासाची पाने त्यांच्या प्रश्नाला दिली आहेत. आकडे जरा जास्त आहेत. पण उसाच्या बिलातले आकडे आपण रुपया-पैशापर्यंत तपासतो, तेव्हा हेही अवघड जाऊ नयेत.

प्रथम शब्दाचा अर्थ. देशाने वर्षभरात परदेशांस जो माल विकला ती निर्यात, जो विकत घेतला ती आयात. निर्यातीतून आयात वजा केली की उरतो तो व्यापारशेष. निर्यात जास्त तर शिल्लक, आयात जास्त तर तूट. यात फक्त माल धरतात, बरं का. साखर, कापूस, औषधे, यंत्रे, कच्चे तेल, सोने हे सगळे आले. पुण्यात बसून अमेरिकेतल्या कंपनीचे संगणकाचे काम केले त्याचा पैसा यात नाही. दुबईत कामाला गेलेला मुलगा घरी पैसे पाठवतो, तेही यात नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता दोन देशांची तुलना करायची तर माप एक पाहिजे. आपले सरकार वर्ष धरते एप्रिल ते मार्च, ब्राझील धरतो जानेवारी ते डिसेंबर. आपण मोजतो रुपयांत आणि डॉलरमध्ये, आणि रुपयाचे माप झिजत आलेले आहे. जून 1966 पर्यंत डॉलर 4 रुपये 76 पैशांना होता, त्या महिन्यात तो 7 रुपये 50 पैसे झाला, आणि 2024-25 साली सरासरी 84 रुपयांच्या वर गेला. तेव्हा रुपयांतली तूट फुगलेली दिसते, त्यात थोडा हात झिजलेल्या रुपयाचाही असतो.

आणखी एक खोच आहे, ती आपल्या लोकांना चटकन कळेल. एफआरपी जाहीर होते ती कारखान्याच्या दारातली. तोडणी-वाहतूक वजा जाऊन आपल्या हातात पडते ती रक्कम वेगळी. तसेच आपल्या देशाची निर्यात मोजतात ती माल जहाजावर चढतानाच्या किमतीने, पण आयात मोजतात ती जहाजभाडे आणि विमा धरून, आपल्या बंदरात पडते त्या किमतीने. ब्राझील दोन्हीही जहाजावर चढतानाच्याच किमतीने मोजतो. त्यामुळे आपली तूट असते त्यापेक्षा थोडी मोठी दिसते. थोडी, सगळी नव्हे.

ह्या सगळ्या भानगडीतून सुटायला आम्ही एक साधा मार्ग धरला आहे. त्याला शंभरीचा हिशेब म्हणू. देशाने बाहेरून 100 रुपयांचा माल आणला, तर त्याच साली स्वतःचा माल किती रुपयांचा विकला? शंभराच्या वर आकडा आला तर शिल्लक, खाली आला तर तूट. रुपया असो वा डॉलर, सन 1950 असो वा 2025, हे माप बदलत नाही.

आपल्या देशापासून सुरुवात करू. 1950-51 साली निर्यात 606 कोटी रुपये, आयात 608 कोटी. शंभरीत जवळजवळ शंभर. पुढे कारखानदारीसाठी यंत्रे आणि दुष्काळात धान्य आणावे लागले, तूट वाढत गेली. 1980-81 साली निर्यात 6,711 कोटी आणि आयात 12,549 कोटी, म्हणजे शंभरीत अवघे 53. 1990-91 साली 75. 2000-01 साली 88. वाटले, आता गाडी रुळावर आली. पण 2012-13 मध्ये पुन्हा 61. आणि 2024-25 साली निर्यात सुमारे 437 अब्ज डॉलर, आयात 720 अब्ज डॉलर. पुन्हा 61 च. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) तूट 283 अब्ज डॉलरच्या घरात गेली.

1950-51 पासूनच्या एवढ्या वर्षांत आपला व्यापार शिलकीत गेला तो फक्त दोनदा. 1976-77 साली निर्यात 5,142 कोटी आणि आयात 5,074 कोटी. आणि त्याआधी 1972-73 साली निर्यात 1,971 कोटी, आयात 1,867 कोटी. शिल्लक 104 कोटी रुपये.

1972-73! ज्यांची वये आज साठीच्या पुढे आहेत त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. बहात्तरचा दुष्काळ आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावा लागत नाही. विहिरी तळाला गेल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, बायाबापड्या खडी फोडायला रस्त्याच्या कामावर बसल्या. सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेला लाल मिलो दळून भाकरी केली, ती घशाखाली उतरत नव्हती. आणि त्याच साली दिल्लीच्या वहीत देशाचा व्यापार शिलकीत! त्या साली निर्यात चांगली वाढली आणि आयात जेमतेम वाढली, म्हणून वजाबाकी शिलकीची आली. वजाबाकीला भूक कळत नाही. घरात काहीच विकत आणले नाही तर महिनाअखेर गल्ल्यात पैसा दिसतो, पण पोरे उपाशी झोपलेली असतात, तशातली गत.

आता ब्राझीलकडे वळू. 1973 च्या अखेरीस तेल विकणाऱ्या देशांनी भाव वाढवले, काही महिन्यांत ते चौपट झाले. ब्राझील त्या काळी आपले बहुतेक तेल बाहेरून आणत असे. त्यांची वही एकदम तुटीत गेली. ऊस भरपूर होता, आणि साखरेचे जागतिक भाव तेजीनंतर उतरणीला लागले होते. तेव्हा 14 नोव्हेंबर 1975 रोजी त्यांच्या सरकारने उसापासून अल्कोहोल करून पेट्रोलला जोडायची योजना जाहीर केली. 1979 पासून निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर आल्या. तरीही तेलाची दुसरी भाववाढ सोसवेना. 1980 साली शंभरीत 88.

पुढची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. ब्राझीलने परदेशी बँकांचे कर्ज डोईजड होईतो घेतले होते. 1982 साली नवे कर्ज मिळेनासे झाले आणि जुने फेडायचा तगादा लागला. मग त्यांनी आयात जबरदस्तीने छाटली आणि मिळेल ते विकायला काढले. 1984 साली निर्यात 27 अब्ज डॉलर, आयात जेमतेम 14 अब्ज. शंभरीत 194! असा आकडा आपल्या देशाने कधी पाहिला नाही. पण त्याच साली तिथली महागाई 200 टक्क्यांच्या वर होती. शिल्लक पडली ती सावकाराच्या घरी गेली. आपले बहात्तर आणि त्यांचे चौऱ्यांशी यांत आम्हांला फार अंतर दिसत नाही.

1994 साली त्यांनी चलन बदलून महागाई आटोक्यात आणली, आयात मोकळी केली, आणि 1995 ते 2000 वही पुन्हा तुटीत राहिली; 1997 साली 89. सन 2001 पासून मात्र चित्र पालटले. चीनला सोयाबीन आणि लोखंडाची माती लागू लागली. ब्राझीलने मोकळ्या जमिनीवर सोयाबीन पेरले, समुद्राखालून स्वतःचे तेल काढले, मांस विकले, कॉफी तर होतीच. तेव्हापासून 2014 चे एक वर्ष सोडले तर ते शिलकीत आहेत. 2023 साली शंभरीत 141, 2024 साली 128, म्हणजे जवळजवळ 75 अब्ज डॉलरची शिल्लक. (मांसाचे निघाले म्हणून सांगतो : तिथले पांढरे नेल्लोरे वाणाचे कळप आपल्या आंध्रातल्या ओंगोल जनावरांचे वंशज. आपली गीरही तिथे सुखाने नांदते.)

त्या 75 अब्जांत साखरेचा वाटा मोठा आहे. 2024 साली ब्राझीलने 3 कोटी 80 लाख टनांच्या आसपास साखर बाहेर विकली आणि तिचे 18 अब्ज डॉलरहून अधिक आले. म्हणजे शिलकीच्या चौथाईइतका पैसा एकट्या साखरेने आणला. इथे आमच्या जुन्या सभासदांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ब्राझील साखर करतो सव्वाचार-साडेचार कोटी टन आणि खातो सुमारे एक कोटी टन. आपण 2023-24 साली केली सुमारे 3 कोटी 20 लाख टन आणि खाल्ली 2 कोटी 80-90 लाख टन. त्यांची माणसे 21 कोटी, आपली 140 कोटींच्या वर. त्यांच्या घरात खाऊन पोती उरतात, आपल्या घरात मूठभर उरते, तीही पाऊस झाला तर. 2015-16 चा दुष्काळ आठवा. शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढच्या 2016-17 च्या हंगामात महाराष्ट्राची साखर 84 लाख टनांवरून 42 लाख टनांवर आली, निम्मी. मग एप्रिल 2017 मध्ये केंद्राने 5 लाख टन कच्ची साखर बिनजकात आणायला परवानगी दिली.

आता उरलेले निम्मे उत्तर. दरसाल एवढी तूट, तर देश चालतो कसा?

यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. आपल्या डोंगरपट्ट्यातले एखादे गाव घ्या. गावात बाहेरून काय येते? डिझेल, खते, बियाणे, कापड, किराणा, मोबाईल, औषधे. गावाबाहेर काय जाते? थोडा कापूस, थोडे सोयाबीन, तूर, दूध. नुसत्या मालाची वही मांडली तर गाव पक्के तुटीत. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे पाठीवर टाकून टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगलीपासून कर्नाटकापर्यंत जातात, आणि हंगाम संपला की परततात. माल गेला नाही, पण घाम गेला आणि त्याचे दाम आले. आपल्या जिल्ह्यातून अशी लाखो माणसे दरसाल जातात. गावाची मालाची तूट कोयत्याने भरून निघते.

पण ती आणखी एका वाटेने भरते. मुकादम हंगामाआधी उचल देतो. त्या दिवशी हातात पैसा दिसतो, पण ती कमाई नव्हे. पुढे फेडायचे आहे ते. गावाच्या गल्ल्यात मजुरीचे आणि उचलीचे पैसे शेजारी शेजारी पडतात, रंग एकच. फरक कळतो तो हंगाम फसला की.

देशाचेही असेच आहे. 2024-25 साली मालात 283 अब्ज डॉलरची तूट, पण सेवांत, म्हणजे संगणकाची आणि तत्सम कामे करून, सुमारे 189 अब्ज डॉलरची शिल्लक. परदेशात राबणाऱ्या आपल्या माणसांनी घरी पाठवलेले सुमारे 135 अब्ज. हे सगळे एकत्र मांडायच्या वहीला चालू खाते म्हणतात. त्यातून परदेशी गुंतवणूकदारांचा नफा-व्याज वजा होते. सगळे होऊन चालू खात्यावर तूट उरली 23 अब्ज डॉलर. एवढीच उचलीने, म्हणजे परदेशी भांडवलाने आणि कर्जाने, भरायची.

आणि ब्राझील? मालात 75 अब्जांची शिल्लक. पण सेवा ते बाहेरून घेतात, जहाजभाडे देतात, आणि त्यांच्या खाणी-कारखान्यांत गुंतलेल्या परदेशी कंपन्यांना नफा आणि व्याज बाहेर पाठवतात. 2024 साली त्यांच्या चालू खात्यावर 50 अब्ज डॉलरहून अधिक तूट होती. म्हणजे मालाच्या वहीत शिलकीत असलेला देश घराच्या वहीत आपल्यापेक्षा जास्त तुटीत! हे जुळवून पाहताना आम्हीही दोनदा बेरीज तपासली.

उचल हाताबाहेर गेली तर काय होते, तेही आपण पाहिलेले आहे. 1990-91 साली शंभरीत 75, म्हणजे आजच्यापेक्षा बरी स्थिती. पण तेव्हा भरपाई करायला सेवांचे एवढे उत्पन्न नव्हते, आखाती युद्धाने तेल महागले, तिथली आपली माणसे परत आली, आणि परदेशी चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेला 47 टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. लक्ष्मी गहाण पडली म्हणून गावागावात बोलले गेले. नुसता शंभरीचा आकडा पाहून घाबरू नये आणि निर्धास्तही राहू नये, ते यासाठी.

तरी एक गोष्ट कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. 2019 साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. तूट कोयत्याने भरते असे आम्ही वर सहज लिहून गेलो. कोयता धरणारीच्या अंगावर ती किती पडते, ते जमाखर्चात येत नाही.

आता आपल्या दारातला विषय. ही तूट कमी करायला सरकार सीमेवरचे फाटक कधी उघडते, कधी लावते, आणि फाटकात सापडतो बहुधा शेतमाल. आपली आयात मोठी आहे ती तेल आणि सोन्याची. 2024-25 साली कच्च्या तेलाला सुमारे 137 अब्ज डॉलर गेले आणि सोन्याला 58 अब्ज. (लग्नसराईत आपणही हातभार लावतोच.) खाद्यतेल दरसाल 160 लाख टनांच्या आसपास येते. पालाशयुक्त खत जवळजवळ सगळे बाहेरचे.

साखर ही दोन्हीकडून डॉलर राखते. बाहेर विकली तर डॉलर आणते, इथेनॉल केले तर पेट्रोलचे डॉलर वाचवते. 2021-22 च्या हंगामात देशातून सुमारे 110 लाख टन साखर गेली, हा उच्चांक. पुढच्या हंगामात परवानगी सुमारे 60 लाख टनांवर आली. 2023-24 साली फाटक बंद. जानेवारी 2025 मध्ये 10 लाख टनांची परवानगी मिळाली. इथेनॉलचेही तसेच : 2013-14 साली पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का होते, 2025 मध्ये 20 टक्के झाले, पण मध्येच 7 डिसेंबर 2023 रोजी रसापासून इथेनॉल करायला बंदी आली, ऐन हंगामात. ती पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट 2024 मध्ये उठली. दरम्यान मक्याने उसाला मागे टाकले.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आपल्या जिल्ह्याने तो भोगला. 140 कोटी तोंडांसाठी साठा राखणे हे काही वेडेपणाचे काम नव्हे. ब्राझीललाही 1989-90 मध्ये असाच फटका बसला : साखरेला भाव चढला, कारखाने साखरेकडे वळले, अल्कोहोलच्या मोटारी पंपापुढे रांगेत उभ्या राहिल्या, आणि लोकांचा त्या मोटारींवरचा विश्वास उडाला. 2003 साली दोन्ही इंधनांवर चालणारी मोटार आली, तेव्हा कुठे तो परतला. पण भाव चढला की निर्यात बंद, आणि भाव पडला तरी आयात चालू, हे आम्हांस पटत नाही. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये असताना बाजारात त्याखाली विकावे लागले. सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरची जकात वाढवली होती, मे 2025 मध्ये कच्च्या तेलावर ती पुन्हा उतरवली. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरची 11 टक्के जकात काढली, वेचणी तोंडावर असताना.

यात ब्राझीलही गप्प नाही. भारत सरकार उसाला ठरवून देते तो भाव आणि निर्यातीला दिलेली मदत जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसत नाही, अशी तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 साली केली. डिसेंबर 2021 मध्ये निवाडा आपल्याविरुद्ध गेला. आपल्या सरकारने अपील केले. पण अपिलाचे मंडळ डिसेंबर 2019 पासून न्यायाधीशांअभावी बंद पडलेले, त्यामुळे ते तिथेच अडकले. एफआरपी कायम राहिली, 2025-26 साठी ती टनाला 3,550 रुपये (10.25 टक्के उताऱ्याला) ठरली. ज्यांची मालाची वही शिलकीत, त्यांना आपल्या उसाचा भाव का खुपतो, हे वरचे आकडे पाहिल्यावर वेगळे सांगायला नको.

ज्या सभासदांना हा हिशेब पुढे चालू ठेवायचा असेल त्यांनी डायरीच्या एका पानावर दोन रकाने आखावेत. ब्राझीलचे वर्षाचे आकडे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रात येतात, आपले एप्रिलच्या मध्यावर. निर्यातीला शंभराने गुणावे, आयातीने भागावे आणि आलेला आकडा सालाच्या समोर लिहावा. शेजारी तिसरा बारीक रकाना ठेवावा आणि त्यात त्या साली आपल्या गावात पाऊस कसा झाला ते लिहावे.